दाराच्या कडेला आलेले फोड, एक ओरखडा आणि घासलेला बंपर: घरी काय करावे आणि गॅरेजला काय द्यावे?

इंदिरानगरकर

माझ्याकडे आठ वर्षे वापरलेली रुपेरी रंगाची हॅचबॅक आहे. डाव्या मागच्या दारावर दुचाकीच्या हँडलचा हातभर लांब ओरखडा आहे, त्याच दाराच्या खालच्या कडेला रंगाला रुपयाएवढे दोन फोड आले आहेत, आणि पार्किंगमधल्या खांबाला घासून मागच्या बंपरचा कोपरा खरवडला गेला आहे. मुंबई नाक्याजवळच्या एका गॅरेजमध्ये विचारले असता संपूर्ण दार आणि संपूर्ण बंपर रंगवावा लागेल असे सांगण्यात आले. पावसाळा तोंडावर आला आहे. सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये, साध्या साधनांनी, यातले काय करता येण्यासारखे आहे, आणि कशाला हातच लावू नये, याविषयी अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सातपूरकर

आपल्या तीन दुखण्यांपैकी तातडीचे एकच आहे, आणि ते म्हणजे दाराच्या कडेचे फोड. बंपर प्लास्टिकचा असल्याने तो गंजत नाही. तो दिवाळीपर्यंत तसाच राहिला तरी बिघडत नाही. ओरखड्याचे काय करायचे हे त्याच्या खोलीवर ठरेल. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर प्रायमरचे थर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो, आणि हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एखाद-दुसऱ्या पानाइतकेच जाड असते. गाडी धुऊन ओरखड्यावर पाणी टाकावे. ओला असताना तो दिसेनासा होत असेल आणि नख आडवे फिरवल्यावर अडकत नसेल, तर तो क्लिअर कोटमध्येच आहे आणि रबिंग कंपाउंडने (ओरखडे घासून काढायच्या पेस्टने) हाताने घासून बराचसा निघेल. नख अडकत असेल आणि तळाशी करडी किंवा पांढरट रेघ दिसत असेल, तर रंग प्रायमरपर्यंत गेला आहे आणि टच-अप करावाच लागेल. कंपाउंड मारताना दाराच्या कडा आणि मधली उभारलेली घडी यांच्यापासून दूर राहावे, कारण तिथे थर आधीच पातळ असतो आणि रंग पाहता पाहता उडतो.

फोडांकडे मात्र आजच बघा. फोड वरून रुपयाएवढा दिसला तरी गंज रंगाखालून त्याच्या बराच पुढे पसरलेला असतो. ८० किंवा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सैल रंग काढत जावे आणि पत्रा सगळीकडे चकचकीत दिसेपर्यंत थांबू नये. त्यानंतर ३२० ने भोवतालच्या रंगाची कड अशी उतरती करावी की बोट फिरवल्यावर पायरी लागणार नाही. खड्ड्यांत काळे ठिपके उरतातच, त्यांना फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजनाशक लावावे आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन किंवा पुसून पत्रा पूर्ण कोरडा करावा. पुसण्यासाठी रॉकेल वापरू नये. त्याचा तेलकट अंश मागे राहतो आणि वरच्या रंगाला माशाच्या डोळ्यासारखी गोल भोके पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ सुती कापड पुरेसे आहे. लगेच, त्याच दिवशी, इपॉक्सी प्रायमर लावावा. उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर पुन्हा तांबूस छटा दिसते.

दाराच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूने, पाणी निघण्यासाठी लहान फटी असतात हे बऱ्याच जणांना माहीत नसते. काचेच्या रबरातून आत गेलेले पाणी तिथून बाहेर पडते. त्या चिखलाने बुजल्या की दारात पाणी साचते आणि पत्रा आतून खायला लागतो. आपले फोड नेमके खालच्या कडेला आहेत, त्यामुळे मला शंका हीच येते. प्लास्टिकच्या केबल टायने त्या फटी मोकळ्या करून पाहाव्यात.

कॉलेजरोड_चालक

फोड जिथे आहेत तिथे पत्रा खोलगट झाला असेल तर लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरावीच लागेल. आमच्याकडचे पेंटर लांबी भरून पाणीपेपरने (पाणी लावून वापरायच्या पॉलिश पेपरने) घासतात, आणि कामे व्यवस्थित टिकतात. सातपूरकरांनी लांबीचा उल्लेखच केलेला नाही, याचे आश्चर्य वाटले.

सातपूरकर

उल्लेख मुद्दाम टाळला होता, कारण अगदी उथळ खड्ड्यासाठी लांबी भरण्याची गरजच नाही. जाड प्रायमरचे दोन-तीन हात दिले की तो भरून येतो. तरीही भरायची असेल तर दोन गोष्टी सांभाळाव्यात. हार्डनर, म्हणजे लांबी कडक करणारे मिश्रण, वजनाने दोन ते तीन टक्केच घालावा. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला तर वरच्या रंगावर पुढे डाग उठतात. दुसरे, पॉलिएस्टर लांबी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासावी. पाणीपेपर चालतो तो लांबीवर प्रायमर मारल्यानंतर. पेंटर पाण्याने घासतात ते धूळ उडू नये म्हणून, आणि उन्हात गाडी दिवसभर उभी राहिल्याने बऱ्याचदा पाणी उडूनही जाते. पण जिथे उडत नाही तिथे वर्षभराने त्याच जागी फोड येतो, आणि ग्राहक रंगाला दोष देतो.

पंचवटीतून

रंगाविषयी थोडे. रुपेरी रंगात धातूचे बारीक कण असतात आणि ते ब्रशने लावल्यावर जसे बसतात तसे स्प्रेने बसत नाहीत, त्यामुळे ब्रशने केलेला टच-अप एका कोनातून जुळेल आणि दुसऱ्या कोनातून गडद दिसेल. हे मान्य असेल तरच घरी करावे. खालच्या कडेला ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. दाराच्या मध्यावर मात्र नक्की येते. रंगाचा कोड दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. तरी दुकानात जाताना पेट्रोलच्या टाकीचे झाकण सोबत न्यावे, कारण आठ वर्षांच्या उन्हाने उतरलेला रंग कोडप्रमाणे बनवलेल्या ताज्या रंगाशी जुळत नाही, आणि चांगला दुकानदार झाकण पाहून छटा थोडी बदलून देतो.

दोन भाग मिसळून मारायचा टू-के क्लिअर पार्किंगमध्ये मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे रसायन असते, ते श्वासावाटे गेल्यास दम्याचा त्रास कायमचा मागे लागू शकतो, आणि साधा मास्क किंवा एन-९५ त्याची वाफ अडवत नाही. शिवाय वाऱ्यावर उडालेला फवारा शेजाऱ्याच्या गाडीवर बसला, तर रंगाच्या खर्चापेक्षा भांडणाचा खर्च मोठा.

विमा आहे म्हणून क्लेम करण्याचा मोह होईल. पण सलग पाच वर्षे क्लेम नसेल तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत सूट असते, आणि एका क्लेमने ती जाते. प्लास्टिकच्या भागांवर, झिरो डेप्रिसिएशन (घसारा न कापण्याची जादा सोय) घेतलेले नसेल तर, ५० टक्के घसाराही कापला जातो. बंपरसाठी हा हिशेब सहसा परवडत नाही.

इंदिरानगरकर

सर्वांचे आभार. ओरखड्यावर नख अडकत नाही, त्यामुळे कंपाउंड आणले आहे. फटींविषयीची शंका खरी निघाली: केबल टाय घातल्यावर आतून काळे पाणी आणि झाडाचा कुजलेला पाला बाहेर आला. मात्र फोड घासत असताना एका जागी पत्रा दबल्यासारखा वाटला, म्हणून पेचकसाचे टोक हलके टेकवले, तर ते सरळ आत गेले. आता तिथे एम-सील भरून वरून रंग मारला तर पावसाळा निघेल का?

सातपूरकर

एम-सील भरू नये. भोक बाहेरून बुजेल, पण गंज आतल्या बाजूने चालूच राहील आणि ओल तिथेच अडकून पत्रा आणखी लवकर खाल्ला जाईल. पेचकस आत गेला म्हणजे हे काम घरचे राहिले नाही. उरलेला चकचकीत पत्रा प्रायमर लावून झाका आणि पाऊस सुरू होण्याआधी दार डेंटरकडे (गाडीच्या पत्र्याचे काम करणाऱ्याकडे) न्या. खालची पट्टी कापून नवा पत्रा वेल्ड करायला सांगा. संपूर्ण दार रंगवण्याची अट मात्र मान्य करू नका, कारण मधल्या घडीखालचा भाग रंगवूनही काम भागते. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली आहे आणि दाराचे आतले आवरण काढले आहे, हे समोर उभे राहून पाहावे. त्या आवरणामागचा फोम आणि प्लास्टिक लगेच पेट घेतात. वेल्ड झाल्यावर आतल्या बाजूला कॅव्हिटी वॅक्स (पोकळीतल्या पत्र्याला गंजापासून वाचवणारे मेण) मारून घ्यावे, आणि नव्या पट्टीत पाण्याच्या फटी ठेवल्या आहेत की नाही हे गाडी ताब्यात घेण्याआधी हात फिरवून तपासावे. त्या बऱ्याचदा राहून जातात. नव्या रंगावर महिनाभर वॅक्स किंवा पॉलिश लावू नये.