चौथीच्या मुलांना पॉप आर्टमधून रंगसंगती कशी शिकवू? सगळा चिखल होतोय

नमस्कार मंडळी,

बडोद्यात एका शाळेत चित्रकला शिकवते. चौथीची ४२ मुलं, आठवड्याला ३५ मिनिटांचा एकच तास, त्यातली दहा मिनिटं पाण्याचे डबे भरण्यात जातात.

यंदा म्हटलं, डोंगरामागचा सूर्य पुरे झाला, पॉप आर्ट करू, म्हणजे रोजच्या वस्तू, जाहिराती यांचीच चित्रं. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलचे १९६२ मधले सूपचे डबे दाखवले. पहिला प्रश्न: "टीचर, सूप डब्यात मिळतं?" मग म्हटलं, घरातला रोजचा डबा नाहीतर रिकामा पुडा आणा. बिस्किटाचे पुडे आले, चहाचे आले, एकाने आजीची तपकिरीची डबी आणली. आजीला विचारलं होतं की नाही, देव जाणे.

कागदाला दोन घड्या घालून चार घरं, चारही घरांत तीच वस्तू. एक घर एकाच रंगाच्या छटांचं, एक शेजारच्या रंगांचं, एक विरोधी रंगांचं, चौथं मनाला येईल तसं. घोळ झाला तो विरोधी रंगांत. रंगचक्रात समोरासमोरचे रंग, लाल-हिरवा, निळा-नारिंगी, हे तोंडपाठ आहे. पण पहिला रंग ओला असतानाच दुसरा लावतात. एका मुलीने पुड्याला सुरेख नारिंगी रंग दिला होता. मागची निळी बाजू रंगवताना ब्रश कडेवरून फिरला आणि पुड्याला मातकट झालर आली. ती रडवेली, मी "चॉकलेटी छान दिसतंय गं" म्हणून खोटं बोलले.

दुसरी अडचण: चारदा सारखं चित्र जमत नाही, तिसऱ्या घरात डबा लंगडा होतो. झेरॉक्स काढून दिली तर ते रंगवायचं पुस्तकच झालं!

उत्तरायणानंतर फाटक्या पतंगांचे कागद ढिगाने असतात. ते कापून चिकटवले तर? गोंदाने रंग सुटतो का?

प्रतिसाद १
ताई, पातळ गोंदाने हमखास सुटतो, लाल कागद शेजाऱ्याला गुलाबी करतो. कोरडी ग्लू स्टिक घ्या. आणि झेरॉक्स कशाला? जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर मुलानेच डबा काढून कापायचा, तोच साचा चारदा गिरवायचा. रेघ त्याचीच राहते.

उदाहरण मात्र बदला. वॉरहॉलच्या त्या ३२ डब्यांत सूपचं नाव बदलतं, रंग जवळपास तेच तांबडे-पांढरे. त्याचाच १९६७ चा, नटी मेरिलिन मन्रोच्या दहा छाप्यांचा संच दाखवा. चेहरा तोच, रंग दर वेळी निराळे. आणि बडोद्यात राहून तिथल्याच चित्रकार भूपेन खख्खरांना विसरलात? साठच्या दशकात ते देवादिकांच्या छापील चित्रांची कात्रणं आपल्या चित्रांत चिकटवत होते. मुलांना सूपच्या डब्यापेक्षा भिंतीवरचं कॅलेंडर जवळचं.

प्रतिसाद २
पोस्टर कलरच वापरायचा असेल तर एका तासाला एकच रंग. या आठवड्यात सगळीकडचा नारिंगी, पुढच्या आठवड्यात निळा. मधे सात दिवस वाळतं.

धागाकर्ती
एका तासाला एकच रंग! माझ्या डोक्यात कसं नाही आलं? आभार. खख्खर खरंच राहिले, लाज वाटली. सोमवारी साचे कापायला घेते. आता कात्र्यांचं बघायला हवं, ४२ जणांत नऊच आहेत.