लेकीला हातगाडी ओढायला पाठवलं, आणि मला ते पटलंय

युटाकर_आई:
युटात येऊन नऊ वर्षं झाली. गल्लीतली बहुतेक घरं मॉर्मन चर्चची, त्यामुळे लेकीच्या (वय १५) जवळच्या मैत्रिणीही त्यातल्याच. या जूनमध्ये त्यांच्या वॉर्डातल्या, म्हणजे त्या भागातल्या चर्चमंडळातल्या पोरांचा वायोमिंगमध्ये तीन दिवसांचा हॅंडकार्ट ट्रेक, म्हणजे जुन्या मॉर्मनांच्या आठवणीसाठी हातगाडी ओढत चालणं, होता, त्यांनी हिलाही बोलावलं आणि मी पाठवलं. नातेवाईकांना आणि इथल्या काही मराठी ओळखीच्यांना हे अजिबात आवडलेलं नाही, "दुसऱ्यांच्या धर्माच्या यात्रेला पोरगी का पाठवलीस" असं तोंडावर ऐकवून झालंय. म्हणून सविस्तर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८५६ ते १८६० या काळात मॉर्मन झालेली साधारण ३००० माणसं, बरीचशी इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि स्कँडिनेव्हियातली गरीब कामकरी, बोटीने अमेरिकेत आली आणि त्यातली बहुतेक आयोवा सिटीला रेल्वे संपली की तिथून सॉल्ट लेक सिटीपर्यंत २००० किलोमीटर हातगाडी ओढत चालत गेली. बैल घ्यायला पैसे नव्हते. लोकांना आणायला चर्चचा फंड होता पण १८५५ मध्ये युटातलं पीक बुडालं, फंड आटला, मग चर्चचा प्रमुख ब्रिगहॅम यंगने हातगाड्यांची योजना काढली. मोठ्या माणसाला १७ पौंड सामान, पावणेआठ किलोच्या आसपास. एकूण १० तुकड्या गेल्या, त्यातल्या आठ तशा बऱ्या पोचल्या. विली आणि मार्टिन या दोन फार उशिरा निघाल्या आणि ऑक्टोबरात वायोमिंगच्या बर्फात सापडल्या. दोन्हींत मिळून हजाराच्या आसपास माणसं होती, त्यातली २०० हून जास्त दगावली.

आता आमची गोष्ट. प्रत्येक पोराला एक बादली, आपल्याकडे रंगाची असते तसली झाकणाची, सगळं सामान त्यातच आणि बसायला तेच झाकण. चर्चच्या पार्किंगमध्ये वजनकाटा ठेवलेला. हिची बादली दोन पौंड जास्त भरली, ही जॅकेट काढायला लागली तर तोलणारे काका म्हणाले जॅकेट राहू दे, दुसरं काहीतरी काढ. मग मी दिलेला दशम्यांचा डबा बाहेर आला. मला वाईटच वाटलं. तिसऱ्या दिवशी तिला कळलं की मार्टिनच्या लोकांनी (सोबतच्या सामानाच्या मोठ्या गाड्यांचे) बैल आणि माणसं थकली म्हणून गाड्या हलक्या करायला पांघरुणं आणि कपडे टाकून दिले होते आणि दोनच दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, नॉर्थ प्लॅट नदी ओलांडताना हिमवादळ सुरू झालं. घरी आल्यावर तिने मला सगळ्यात आधी हे सांगितलं, पायाचे फोड नंतर दाखवले. पुस्तकात दहा वेळा वाचलं असतं तरी तिला जॅकेटची किंमत अशी कळली नसती असं माझं स्पष्ट मत आहे.

दख्खनी_माणूस:
ताई, धर्माचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटत नाही, पोरं एकमेकांच्या सणाला जातातच. माझा आक्षेप वेगळा आहे. ते लोक मेले ते निसर्गामुळे नाही, चुकीच्या निर्णयामुळे मेले. ऑगस्टमध्ये नेब्रास्कात फ्लॉरेन्सला विलीच्या तुकडीची सभा झाली, पुढे जायचं की हिवाळा इथेच काढायचा. लेव्ही सॅव्हेज नावाचा त्यांच्यातलाच माणूस उभा राहिला, रडत म्हणाला म्हातारी माणसं आणि लेकरं घेऊन आत्ता निघालो तर मरतील. हा माणूस तो मुलूख आधी पाहिलेला, कलकत्त्यामार्गे ब्रह्मदेशात धर्मप्रचार करून नुकता परतत होता. त्याचं कुणी ऐकलं नाही, उलट श्रद्धा कमी पडली म्हणून त्यालाच बोल लावले. वर गाड्या ओल्या लाकडाच्या, कोरड्या हवेत लाकूड आकसलं की चाकं निखळायची. आणि आज पोरांना यातून काय शिकवतात, तर त्यांची श्रद्धा बघा, ते कसे चालत राहिले. वरच्यांनी केलेली चूक खालच्यांचा त्याग म्हणून साजरी करायची, यापेक्षा मोठा अन्याय त्या मेलेल्यांवर दुसरा नाही. १५ वर्षांच्या पोरांना थकवायचं, उपाशी ठेवायचं, रात्री शेकोटीभोवती रडवायचं आणि मग त्या रडण्याला आध्यात्मिक अनुभव म्हणायचं हे मला बरोबर वाटत नाही.

पावनखिंड_भटका:
मी चार वेळा पन्हाळा ते पावनखिंड चाललोय, जुलैतच, मसाई पठार करपेवाडी पांढरपाणी करत. गुडघाभर चिखल, पायाला जळवा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खिंडीत उतरल्यावर बाजीप्रभूंचं नाव घेताना आवाज फुटत नाही. आम्हाला कुणी रडवत नाही, ते आपोआप येतं कारण अंग थकलेलं असतं आणि आपल्याला झोपायला शाळेची खोली मिळाली, त्यांना तीही नव्हती हे अंगाला कळतं. त्यामुळे चालून आठवण ठेवण्याला विरोध करू नका. त्याशिवाय कॉलेजातली पोरं १६६० साल लक्षात ठेवत नाहीत हो.

दख्खनी_माणूस:
चालण्याला माझा विरोध नाहीच. पण बाजीप्रभू खिंडीत थांबले ते जाणूनबुजून, राजा विशाळगडावर पोचावा म्हणून. इथे आयाबायांना पुढे काय आहे हे धड सांगितलंच नव्हतं. दोन्हीला एकच शब्द वापरू नका.

झोनाची_नर्स:
मला इतिहास फारसा माहीत नाही, मी इमर्जन्सीत काम करते म्हणून लिहिते. २०१६ च्या जूनमध्ये ओक्लाहोमात अशाच ट्रेकवर पोरांबरोबर गेलेल्या एका तरुण बाईचा उन्हात आजारी पडून मृत्यू झाला. तिशीही झालेली नव्हती. लांब बाह्यांचे कपडे, लांब स्कर्ट, बॉनेट, उन्हात चढावर गाडी ओढणं आणि मनात एकच की आपण कच खायची नाही, हे सगळं एकत्र आलं की माणूस चक्कर येईपर्यंत सांगतच नाही. पोरं तर नाहीच सांगत. नुसतं पाणी पाजून भागत नाही, मीठ लागतं, सावलीत सक्तीने बसवावं लागतं. पाठवणाऱ्या आईबापांनी तीन प्रश्न विचारा. बरोबर डॉक्टर किंवा नर्स आहे का, जवळचं हॉस्पिटल किती मिनिटांवर आणि तापमान किती झालं की चालणं बंद करणार. उत्तर "देव बघून घेईल" छापाचं आलं तर पोर घरी ठेवा.

युटाकर_आई:
नर्सताई, पहिले दोन मी विचारले होते. बरोबर दोन नर्स होत्या, पाण्याची टाकी आणि टॉयलेटं घेऊन ट्रक मागे होता. तापमानाचं मात्र मला सुचलंच नाही, हे कबूल करते.

शब्दवेडी:
त्या विमेन्स पुलबद्दल कुणीच बोललं नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मोठ्या चढाच्या पायथ्याशी सगळ्या मुलांना बाजूला काढतात, "तुम्हाला सैन्यात बोलावलंय" म्हणून, आणि मुली एकट्या गाडी वर ओढतात, मुलगे दोन्ही बाजूंना टोप्या काढून गप्प उभे, मदतीला हात लावायचा नाही. ते सैन्य म्हणजे मॉर्मन बटालियन, मॉर्मन पुरुषांची तुकडी. तिची भरती १८४६ ची, मेक्सिकोच्या युद्धातली. हातगाड्या दहा वर्षांनी आल्या. हातगाडीवरून उठून कुणी त्या सैन्यात गेलेलंच नाही, दोन वेगळ्या गोष्टी शिवून एक केल्यात. खरं काय तर वाटेत नवरा मेल्यावर कित्येक बायकांनी पोरांना गाडीत घालून ती तशीच पुढे ओढली. खरी गोष्ट एवढी मोठी असताना बनवलेली कशाला? आणि मुलग्यांना शिकवण काय, तर बाई मरमर ओढत असेल तेव्हा आदराने बघत उभे राहा? माझ्या मुलाला मी हे शिकवणार नाही.

युटाकर_आई:
हे मला खरंच माहीत नव्हतं. लेक म्हणाली चढ होता तीनचारशे फुटांचा, वाळूत चाक रुतलं, तिच्या पुढची मुलगी गुडघ्यावर पडली आणि बाजूला उभा असलेला तिच्या वर्गातला एक मुलगा रडायला लागला पण हलला नाही. ते ऐकताना मी भारावून गेले होते, आता तुमचं वाचून तोच प्रसंग वेगळा दिसतोय. त्या पोराला मदतीला जाऊ द्यायला हवं होतं.

बेअर_रिव्हरकाठी:
आयडाहोत राहतो. हा सगळा रस्ता रिकाम्या जमिनीवरून गेला असं सांगतात, त्यावर शोशोनी आणि इतर मूळ रहिवासी लोक राहत होते. वसाहती वाढल्या, गवत आणि शिकार संपली, लोक उपाशी पडले आणि जानेवारी १८६३ मध्ये बेअर नदीवर सैन्याने शेकडो शोशोनी मारले, त्यात बायका आणि लेकरंही. हातगाडीवाल्या गरिबांनी ते केलं असं मी म्हणत नाही. पण पोरांना तीन दिवस चालवताच आहात तर अर्धा तास यासाठी द्या.

पावनखिंड_भटका:
हे बरोबर आहे. आणि एक, १८५० च्या दशकात याच चर्चचे मिशनरी मुंबईला आणि पुण्यालाही येऊन गेलेत, म्हणजे हा इतिहास आपल्याला अगदीच लांबचा नाही.

युटाकर_आई:
दख्खनी_माणूस, तुमच्या मुद्द्यावर विचार करत होते. प्रत्येक दहा पोरांच्या गटाला एक मा आणि एक पा असतात, गावातलंच जोडपं. शेवटच्या रात्री शेकोटीपाशी हिच्या पांनी सॅव्हेजची गोष्ट सांगितली. म्हणजे लपवली नाही. पण सांगताना भर यावर की मत फेटाळलं गेलं तरी तो म्हणाला, ठीक आहे, जाणारच असाल तर मीही तुमच्याबरोबर येतो, मरायची वेळ आली तरी. निष्ठा बघा, असं. तेव्हा आमची लेक उठून म्हणाली, पण त्याचं ऐकलं का नाही? सगळे गप्प. पांनी तेव्हा उत्तर दिलं नाही. सकाळी गाडीला दांडा लावताना तिच्या शेजारी येऊन म्हणाले, फ्लॉरेन्सला एवढ्या माणसांना हिवाळाभर पुरेल असं घर आणि धान्य नव्हतं, सगळ्यांना लवकर पोचायचं होतं, आणि पुढाऱ्यांना वाटलं देव हवामान सांभाळेल. चुकलेच ते. माझी पणजी त्या तुकडीत होती, असंही म्हणाले. स्वतःच्या घरातलं माणूस त्या रस्त्यावर गेलेला पुरुष परक्या मुलीला हे सांगतो ते मला मोठं वाटतं.

दख्खनी_माणूस:
त्या गृहस्थांबद्दल आदर आहे, मनापासून. पण त्यांनी ते सकाळी एकटीला सांगितलं, रात्री सगळ्यांसमोर नाही. तुमच्या मुलीला प्रश्न विचारायची सवय घरातून आहे. बाकीची शंभर पोरं निष्ठेची गोष्ट घेऊन घरी गेली.

युटाकर_आई:
हे खरंय, यावर माझ्याकडे उत्तर नाही. पुढच्या वेळी धाकटा जाईल, तेव्हा मी आधी त्या पांना भेटून एवढंच सांगणार आहे की सकाळी सांगितलेलं रात्रीच सगळ्यांसमोर सांगा. आणि तापमानाचंही विचारणार आहे.