‘इम्यून इव्हेजन’ला मराठीत काय म्हणावे?

बोरू
मोठ्या आतड्याच्या कर्करोगाविषयी रुग्णांसाठी एक माहितीपुस्तिका मराठीत आणते आहे. कर्करोगाच्या पेशी शरीराच्या संरक्षणातून कशा सुटतात (इंग्रजीत ‘इम्यून इव्हेजन’), त्या प्रकरणाला मी ‘प्रतिकारशक्तीला गुंगारा’ असे शीर्षक दिले होते. संपादकांनी ते खोडून ‘प्रतिरक्षा-परिवर्जन’ केले आणि ‘गुंगारा चोर देतो, पेशी नव्हे’ असा शेरा मारला. आणखी बरा शब्द कोणाला सुचतो का?

मोडीवाला
‘चकवा’ घ्यावा. गुंगारा देणारा पळून जातो. या पेशी तर जागच्या जागी राहून वाढतात. ‘हुलकावणी’ही चालेल. ‘हूल देणे’ म्हणजे खोटी चाल करणे. हुलकावणी त्यातूनच आली असावी असे मला वाटते.

ऊतक
मी विकृतिशास्त्र शिकवतो. अडचण अशी आहे की इथे एकच क्रिया घडत नाही. या कर्करोगांपैकी सुमारे १५ टक्क्यांमध्ये डीएनएची प्रत काढताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनेच निकामी असतात. त्यामुळे पेशीत विचित्र प्रथिने भराभर तयार होतात आणि ती ओळखून टी पेशी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, गाठीत गर्दी करतात. पण कधीकधी तोच दोष बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनच्या जनुकातही चूक करतो. हे प्रथिन नसेल, तर प्रथिनांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडणारे रेणू तिथपर्यंत पोचत नाहीत आणि टी पेशीला ओळखायला काही उरतच नाही. याला ‘दडणे’ म्हणता येईल. पेशीच्या पृष्ठभागावरचा पीडी-एल१ हा रेणू मात्र समोर आलेल्या टी पेशीवरच्या पीडी-१ या रेणूला चिकटून तिला थोपवतो. इथे लपणे नाही. आणि टीजीएफ-बीटा हा पेशींना संदेश देणारा रेणू गाठीभोवतीच्या तंतुमय ऊतकात असे वातावरण तयार करतो की टी पेशी आत शिरतच नाहीत. चकवा यांपैकी कशाला म्हणायचे?

निरुक्त
म्हणूनच संस्कृत शब्द हवा. पारिभाषिक संज्ञा तटस्थ असावी आणि तिने हे सगळे प्रकार पोटात घ्यावेत.

मोडीवाला
परिवर्जन म्हणजे वर्ज्य करणे, त्यागणे. कर्कपेशी प्रतिकारशक्तीचा त्याग करते, असा त्याचा अर्थ होतो. शब्द संस्कृत असला म्हणून आपोआप अचूक ठरत नाही.

शुश्रूषा
मला खटकतो तो शीर्षकातला पहिला शब्द. आमच्या घरी एकांचे उपचार चालू असताना ‘प्रतिकारशक्तीला चुकवते’ हे वाक्य त्यांनी ‘प्रतिकारशक्ती कमी पडली’ असे समजून घेतले आणि शक्तिवर्धक औषधांची चौकशी सुरू केली. त्यांची शक्ती कमी झालेली नव्हती, तिला अडवले गेले होते. ‘रोगप्रतिकारक यंत्रणा’ म्हटले असते, तर हा घोटाळा टळला असता असे मला मनापासून वाटते.

ऊतक
हा फरक उपचारातही दिसतो. पीडी-१चा शोध तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत लागला. २०१८चे नोबेल त्यांना आणि जेम्स अ‍ॅलिसन यांना मिळाले ते प्रतिकारावरचा लगाम काढण्याच्या उपचाराबद्दल. पेम्ब्रोलिझुमॅब हे असेच एक औषध शक्ती वाढवत नाही, पीडी-१चा अडसर दूर करते. आणि आतड्याच्या कर्करोगात त्याचा गुण येतो तो मुख्यतः वर सांगितलेल्या दुरुस्ती-दोषाच्या गटात.

निरुक्त
‘यंत्रणा’ला माझा विरोध आहे. त्या शब्दाने सरकारी खाते डोळ्यांसमोर येते. ‘प्रतिरक्षा’ सुटसुटीत आहे, तिच्यापासून प्रतिरक्षी, प्रतिरक्षण असे शब्दही साधता येतात.

शुश्रूषा
पण घाबरलेल्या माणसाला ‘प्रतिरक्षा’ कळायला हवी ना? पचनसंस्था, श्वसनसंस्था सर्वांच्या परिचयाच्या आहेत. त्या धर्तीवर ‘प्रतिकारसंस्था’ का नको?

मोडीवाला
संस्था म्हटली की ठराविक अवयव आले. टी पेशी रक्तात, लसिकाग्रंथींत, आतड्याच्या अस्तरात, सगळीकडे फिरत असतात. मला ‘संस्था’ पटत नाही.

बोरू
शीर्षकाचे काय करू? पुस्तिका छपाईला जायची आहे.

निरुक्त
आधी ‘संस्था’ की ‘यंत्रणा’ हे ठरू द्या. रक्ताभिसरणालाही आपण संस्थाच म्हणतो आणि रक्तसुद्धा सगळीकडे फिरते, त्यामुळे मोडीवाला यांचा आक्षेप टिकत नाही.