शब्दचर्चा : सीआरपीजीचा ‘ऱ्हास’ म्हणायचं का ‘उतरती कळा’?

गोदाकाठ (परभणी) :
नमस्कार मंडळी. जुन्या कॉम्प्युटर रोल-प्लेइंग गेम्सवर (सीआरपीजी) लेख लिहायलोय, म्हणजे विझर्डरी, अल्टिमा, बाल्डर्स गेट वगैरे, ज्यात पार्टी म्हणजे सोबत्यांची टोळी बांधायची, पात्रांचे आकडे बघायचे, डायलॉग वाचून उत्तर निवडायचं. मथळ्यात ‘सीआरपीजीचा ऱ्हास कधी आणि कामून सुरू झाला’ असं टाकलं पण ‘ऱ्हास’ काही मनाला पटंना. घसरण, अवनती, अधोगती, उतरती कळा, ओहोटी असे शब्द समोर आहेत, कोणता कुठं बसतो ते सांगा.

कयाधू (हिंगोली) :
दादा, आधी ऱ्हासाचं बघू. संस्कृतात ह्रास, मराठीत ऱ्हास, आणि शाळेत शिकलो ते ऱ्हस्व-दीर्घमधलं ऱ्हस्व पण त्याच धातूचं, म्हणजे मूळ अर्थ आखूड होणं, कमी होणं. त्यामुळं जंगलाचा ऱ्हास म्हटलं की झिजत चाललंय आणि परत भरून येणार नाही असंच ऐकणाऱ्याच्या डोक्यात येतं. घसरण ही आकड्यांची, सोयाबीनचे भाव घसरले, पटसंख्या घसरली. अवनती-अधोगतीत दोष देण्याचा सूर आहे. आणि उतरती कळा त्यालाच लागते ज्याचा एकेकाळी रुबाब होता, एखादं घराणं, बाजारपेठ, नाटक कंपनी. तवा आधी हे सांगा की तुमच्या गेम्सचं नेमकं काय कमी झालं, संख्या, खप का दर्जा?

गोदाकाठ (परभणी) :
हाच तर घोळ आहे, कारण दोन वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं झालंय. 1981 ला विझर्डरी आणि अल्टिमा आले, 1985 ला बार्ड्स टेल, 1988 ला वेस्टलँड आणि एसएसआय कंपनीचा पूल ऑफ रेडिअन्स, म्हणजे ऐंशीचं दशक भरभराटीचं. मग एसएसआयनं त्याच इंजिनवर, म्हणजे आतल्या त्याच सांगाड्यावर, गेम मागून गेम काढले, लोकांना तोचतोचपणाचा कंटाळा आला, त्यात 1993 ला डूम हा गोळीबाराचा आणि मिस्ट हा कोड्यांचा गेम आले आणि सगळ्यांचं लक्ष तिकडं गेलं. सीडी आली, चित्रं-व्हिडिओ भारी पाहिजे झाले, खर्च वाढला. अल्टिमा बघा, 1992 च्या सातव्या भागात सोबत्यांची टोळी घेऊन गावोगाव हिंडायचं, कणीक मळून पाव भाजता यायचा, आणि 1994 च्या आठव्या भागात एकटाच माणूस, या दगडावरून त्या दगडावर उड्या मारत जायचं. लोक इतके वैतागले की कंपनीला उडी सोपी करणारा पॅच, म्हणजे दुरुस्ती, काढावा लागला. मधली दोन-तीन वर्षं अशीच गेली, हा प्रकार संपला असंच लोक बोलायचे. 

बिंदुसरा (बीड) :
पण संपला नाही ना? 1996 ला डॅगरफॉल, 1997 ला फॉलआउट, 1998 च्या डिसेंबरात बाल्डर्स गेट, त्याच्या पाच सीड्या, 1999 ला प्लेनस्केप टॉर्मेंट, 2000 ला बाल्डर्स गेट दोन. माझ्या मते तर हाच सगळ्यात चांगला काळ. मग 94-96 ला ऱ्हास कसं म्हणणार, आपल्याकडं यासाठी रोजच्या बोलण्यातला शब्द आहे की : खंड. जूनमध्ये बरा पडतो, मग पावसाचा खंड पडतो, पिकं माना टाकतात पण हंगाम गेला असं लगेच कुणी म्हणत नाही. ओहोटी पण चालली असती, पण समुद्राचा शब्द मराठवाड्यातल्या माणसाच्या तोंडी येतो कुठं, खंड म्हटलं की आमच्या आजीला पण कळतं.

कयाधू (हिंगोली) :
ताई, खंड एकदम चपखल. ‘परंपरा खंडित झाली’ म्हणतो त्यातला पण हाच, आणि खंडानंतर परत सुरू होण्याची वाट बंद होत नाही.

तेरणा (धाराशिव) :
पहिल्यासाठी खंड मान्य. पण 2000 नंतरच्याला खंड म्हणू नका, तिथं वेगळी गोष्ट आहे. 2003 च्या डिसेंबरात टॉर्मेंट बनवणारी ब्लॅक आयल बंद, 2005 ला आर्केनम बनवणारी ट्रॉइका बंद, विझर्डरीवाल्यांनी 2001 ला आठवा भाग कसाबसा काढला आणि नंतर तीही कंपनी गेली. याला साधं मराठी म्हणजे धंदा बसला. ऱ्हास नाही, अवनती नाही, धंदा बसला. कारण गेम वाईट होते म्हणून नाही, आर्केनम मी आजही कुणालाही खेळायला सांगीन, पण एक्सबॉक्स आल्यावर पैसा कन्सोलकडं, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांकडं गेला, 2003 ला नाईट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक सुद्धा आधी एक्सबॉक्सवर आला मग पीसीवर.

गोदाकाठ (परभणी) :
पण तेरणा भाऊ, धंदा तर नंतर जोरात चालला की. ऑब्लिव्हियन 2006, मास इफेक्ट 2007, फॉलआउट 3 2008, सगळे तुफान खपले. धंदा काही जणांचा बसला, प्रकाराचा नाही.

तेरणा (धाराशिव) :
बरोबर, म्हणून तिथं तिसरा शब्द लागतो, आणि तो माझ्या मते ‘कस’. सोनं कसाला लावतात तो कस, जमिनीचा कस गेला म्हणतो तो कस. उत्पन्न येतं, पण दाण्यात दम नसतो. उदाहरण देतो. 2002 च्या मॉरोविंडमध्ये सुरुवातीलाच एका पडक्या वास्तूत जाऊन एक कोडं-पेटी आणायचं काम मिळतं. नकाशावर बाण नाही, काही नाही, रस्ता शब्दात सांगितलेला असतो : गावातून निघा, नदी ओलांडा, पाटी बघा, मोठ्या घळीवर जुना पूल लागंल, त्याच्या पलीकडं. तिथं गेलं तर दार बंद, शेजारच्या पाईपवरची चावी फिरवली की उघडतं, हे पण आपणच शोधायचं. आमच्याकडं तवा भारनियमन जोरात होतं, लाईट कधी जाईल नेम नाही, म्हणून मी हे सगळे रस्ते वहीत लिहून ठेवायचो आणि अंधारात बसून पुढचं ठरवायचो. चार वर्षांनी त्याच मालिकेतल्या ऑब्लिव्हियनमध्ये होकायंत्रावर खूण आली, खुणेकडं चालत राहिलं की काम झालं, कोण काय बोललं ते ऐकायची पण गरज नाही. त्यात प्रत्येक वाक्य आवाजात रेकॉर्ड करायचं म्हणल्यावर लिहिणाऱ्याचा हात आखडतो, कारण शब्दागणिक पैसे पडतात, टॉर्मेंटसारखं पानंच्या पानं लिहून कोण ठेवणार? मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण माझं अर्धं इंग्रजी त्या डायलॉगवर सुधारलंय.

बिंदुसरा (बीड) :
कस गेला हे पटलं. फक्त ‘निकस’ लिहू नका, निकस म्हणजे अजिबातच कस नाही असं होतं आणि मास इफेक्टवर तो अन्याय होईल, त्यात सोबत्यांची पात्रं काय ताकदीनं लिहिलीत. ‘कस उतरला’ म्हणा.

कयाधू (हिंगोली) :
सहमत. आणि क्रियापदं सांभाळा बरं का. खंड पडतो, धंदा बसतो, कस उतरतो, ऱ्हास होतो, आणि उतरती कळा लागते. ‘उतरती कळा झाली’ असं पेपरात पण छापून येतं, ते चूक.

गोदाकाठ (परभणी) :
मंडळी लई काम झालं. आता लेखात 94-96 ला खंड, 2003-05 ला धंदा बसला, 2006 पासून कस उतरला असं लिहितो आणि ऱ्हास पूर्ण काढतो, कारण 2012 ला खेळणाऱ्यांनीच किकस्टार्टर या वर्गणीच्या वेबसाइटवर अशा गेम्ससाठी पैसे जमा करून दिले, 2014 ला डिव्हिनिटी ओरिजिनल सिन आला, 2019 ला डिस्को एलिझियम, आणि 2023 चा बाल्डर्स गेट 3 तर टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीनं चाल करायचा असून, पूर्ण आवाजात असून जगभर खपला, मग झिजून गेलं ते परत कुठून आलं? फक्त या शेवटच्या भागाला काय म्हणू? ‘पुनरुज्जीवन’ फार सरकारी वाटतं.

तेरणा (धाराशिव) :
पुनरुज्जीवन नकोच, मेलेल्याला लागतं ते. 1988 च्या वेस्टलँडचा दुसरा भाग 2014 ला आला, मधी 26 वर्षं. ‘पुन्हा धरलं’ म्हणा, वाळलेलं झाड पुन्हा धरतं तसं.

बिंदुसरा (बीड) :
‘उभारी धरली’ जास्त चांगलं. वाचणाऱ्याला थांबावं लागत नाही.

गोदाकाठ (परभणी) :
उभारी धरली. हेच घेतो.