व्हाइल ट्रू लूपची युनिट टेस्ट कशी लिहायची? पायटेस्ट (टेस्ट चालवणारं टूल) अडकून बसतंय

दूधकाटा:
नमस्कार मंडळी. गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिलाय. काट्याचं बटण दाबलं की सिरियल पोर्टवर वजन येतं, ते वाचायचं, डेटाबेसमध्ये टाकायचं, १ सेकंद थांबायचं, परत तेच. सगळं एकाच फंक्शनमध्ये व्हाइल ट्रूच्या आत, आणि आतच ट्राय-एक्सेप्ट (एरर आला तरी तो धरून पुढे चालू ठेवणारा भाग), कारण वायर हलली की काहीतरी कचरा येतो आणि पहाटे लोक कॅन घेऊन रांगेत असताना प्रोग्राम बंद पडून कसं चालेल. आता टेस्ट लिहायला बसलो तर फंक्शन परतच येत नाही. मॉकच्या (टेस्टमध्ये खऱ्याच्या जागी ठेवायच्या नकली वस्तूच्या) साइड इफेक्टला, म्हणजे तो दर वेळी काय देईल त्या सेटिंगला, ३ वजनांची लिस्ट दिली की चौथ्या वेळी एरर येऊन लूप तुटतो असं वाचलं होतं, तसं केलं तरी अडकतंय, शेवटी कंट्रोल-सीच मारावं लागतं. काय चुकतंय?

रात्रपाळी:
तुमचा एक्सेप्टच तो एरर गिळतोय. लिस्ट संपली की मॉक स्टॉपइटरेशन नावाचा एरर फेकतो, तो एक्सेप्शन या सर्वसाधारण एरर-क्लासचाच सबक्लास, म्हणजे तुमच्या एक्सेप्ट एक्सेप्शनमध्ये सापडला, पुढच्या फेरीला परत तोच, परत गिळला, असं चालूच. टेस्टमध्ये एक्सेप्शनच्याही वरच्या बेसएक्सेप्शनवरून स्वतःचा क्लास करा, म्हणजे तो तुमच्या एक्सेप्टमध्ये सापडणार नाही, स्लीपच्या (१ सेकंद थांबण्याच्या) मॉकमधून तो फेका आणि पायटेस्टच्या रेझेसने धरा. कंट्रोल-सी लागू पडतं तेही म्हणूनच, कीबोर्डइंटरप्ट थेट बेसएक्सेप्शनवरून येतो. फक्त पुढे काही न लिहिता नुसतं एक्सेप्ट ठेवलं असेल तर हेही गिळलं जाईल.

सेमीकोलन:
वरचं बरोबरच आहे पण मी असतो तर कोडच बदललं असतं. लूपच्या आतलं काम एक_फेरी नावाच्या फंक्शनमध्ये काढा आणि बहुतेक टेस्ट त्याच्याच लिहा, ते एकदा चालून संपतं. अर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डात हेच केलंय बघा, आपण लिहितो तो लूप एकदाच चालणारा असतो, न संपणारा फॉर त्यांच्या मेनमध्ये असतो. मग व्हाइल ट्रूच्या जागी पायथनच्या थ्रेडिंग मॉड्यूलमधला इव्हेंट (थांबायची खूण करणारा झेंडा) घ्या, तो सेट होईपर्यंत फिरायचं, आणि स्लीपऐवजी त्याचाच वेट वापरा म्हणजे थांब म्हटल्यावर लगेच थांबतो. लूपला टेस्ट एकच पुरते: खोटी एक_फेरी द्यायची, पहिल्या वेळी ती एरर फेकते, तिसऱ्या वेळी इव्हेंट सेट करते, आणि शेवटी ती बरोबर ३ वेळा चालली का बघायचं. वेटचे सेकंद पॅरामीटर करा, टेस्टमध्ये ० द्या, वेगळा थ्रेड लागत नाही.
आणि अर्धवट ओळीची टेस्ट नक्की लिहा दादा, पायसिरियलला (सिरियल पोर्ट वाचणाऱ्या लायब्ररीला) टाइमआउट दिला असेल तर तिचं ओळ वाचणारं रीडलाइन जेवढं आलं तेवढंच परत देतं.

पुणे_३०:
पायटेस्ट-टाइमआउट प्लगइन पण टाका, १० सेकंद ठेवा. परत अडकलं तर टेस्ट फेल होऊन कुठल्या ओळीवर अडकली ते कळतं.

दूधकाटा:
खूप आभार सगळ्यांचे. एक_फेरी वेगळी काढली आणि अर्धवट ओळीच्या टेस्टनेच पकडलं. १२.४५ मधलं फक्त "१२." आलं तर पायथनचा फ्लोट (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) तक्रारच करत नाही, १२ धरतो, आणि उरलेलं "४५" पुढच्या फेरीत अख्खे ४५ किलो म्हणून पडतं. माझ्या एक्सेप्टपर्यंत हे कधी पोचलंच नसतं. आता शेवटी न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण) नसेल तर तुकडा राखून पुढच्याला जोडतो, टेस्ट पास झाली. लोकांच्या पैशाचा प्रश्न आहे, उद्या जुन्या नोंदी केंद्राच्या वहीशी ताडून बघायला बसतोय.