बाबांसाठी ठोके मोजणारं घड्याळ घ्यावं का?

कापूसवाला: बाबाचं वय ६८, मधामधात छातीत धडधड होते म्हणते, दवाखान्यात नेऊन पोचेपर्यंत सगळं गुमान. दोनदा ईसीजी काढला, दोन्ही नॉर्मल. आता ईसीजी म्हणजे दहा सेकंदांचा कागद, त्या दहा सेकंदात धडधड आलीच पाहिजे असं थोडंच हाय! २४ तासांचं होल्टर (ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र) लावाले यवतमाळले चकरा, अन् त्या दिवशी नाई आली तं? पुण्यातला भाऊ घड्याळ पाठवतो म्हणते. माझं मत घ्यावं.

बांधावरचा भौ: काहून पैसे घालता राजेहो. ॲपलच्या अभ्यासात ४ लाखांवर लोकं होते, ज्यांना घड्याळानं इशारा दिला त्यातल्या ज्यांनी छातीवर ठोके नोंदवणारी पट्टी लावून वापस पाठवली त्यांच्यात ३४ टक्क्यांनाच एएफ (ठोके बेताल पडायचा आजार, त्यानं लकवा येऊ शकते) निघालं. बाकीचे उगाच घाबरले.

कापूसवाला: अर्धंच सांगता भौ. पट्टी इशाऱ्यानंतर बऱ्याच दिवसांनी लागली होती, अन् एएफ येते-जाते. पट्टी आंगावर असताना इशारा आला तं ८४ टक्के वेळा एएफच निघालं.

बांधावरचा भौ: बरं, मंग डेन्मार्कचा पाहा. सत्तरीवरच्यांच्या कातडीखाली ठोके नोंदवणारी चिप बसवली, एएफ तिप्पट सापडलं, रक्त पातळ करायच्या गोळ्याही वाढल्या, पण लकवा म्हणावा तसा कमी झाला नाई. सापडलं म्हणजे फायदा झालाच असं नाई ना.

कापूसवाला: ते चाळणी लावून शोधणं झालं. माह्या बाबाले त्रास आहे म्हणून मी शोधतो, दोन्ही एकच कसं?

सिस्टर: ग्रामीण रुग्णालयात बरीच वर्षं काढली म्हणून बोलते. त्रास असेल तर घ्या, पण बोट ठेवून ३० सेकंदांचा ईसीजी निघतो ते मॉडेल घ्या, नुसता हिरवा लाईट नाडीवरून अंदाज बांधतो आणि हात हलत असला की तोही धड जमत नाही, कापूस वेचताना तर विसराच. धडधड झाली की बसा, घड्याळावर ईसीजी काढा, तोच डॉक्टरला दाखवा. आणि छातीत दुखलं तर घड्याळ पाहत बसू नका, हार्ट अटॅक ते ओळखत नाही! मला मात्र आमच्याकडे येणाऱ्या चाळिशीतल्या बाया आठवतात, लहानपणी सांध्याचा ताप येऊन गेलेला, त्यानं हृदयाची झडप आकसलेली, ठोके वाट्टेल तसे. त्यांना कोण घड्याळ पाठवणार? त्यांची नाडी एक मिनिट धरली तरी बोटाला कळतं.

बांधावरचा भौ: हेच म्हणत होतो ना मी!

कापूसवाला: नाडी धरतो, पण रात्री दोनला मी झोपेत असतो न भौ. सिस्टर, चार्जिंग किती दिवस टिकते? आमच्याकडं लाईनचा भरोसा नाई.