मदत हवी आहे: एनके पेशींवरचा सीडी१६ गेला कुठे?

रात्रपाळी: जाणकारांनो, डोकं चालेनासं झालंय. लसीनंतरच्या रक्ताच्या नमुन्यात एनके पेशी (बाधित पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) दिसतात, पण त्यांच्यावरचा सीडी१६ (ज्यावरून त्या ओळखतो ते प्रथिन) जवळजवळ गायब! सीडी१६ रंगवायच्या अँटिबॉडीची नवी बाटली उघडली, तरी तेच. परवा गाइडना आकडे दाखवायचेत. लसीने सीडी१६वाल्या पेशी मरतात का? लवकर सांगा.

गाळणीबाई: कोणती लस? कितव्या दिवशी रक्त घेतलं? पेशी ताज्या की गोठवलेल्या? एवढ्याशा माहितीवर काय पत्रिका मांडायची?

रात्रपाळी: फ्लूची. सातवा दिवस. ताज्याच. बाकी सगळं नेहमीसारखं.

रागीट मॅक्रोफेज: 'ताज्याच' असं सगळेच म्हणतात. नीट विचारा, कुठेतरी फ्रीझर असणारच. माझं सहा महिन्यांचं काम गोठवलेल्या पेशींनी पाण्यात घातलंय.

गाळणीबाई: गोठवल्यावर एनके पेशींची मारायची ताकद घटते, मान्य. पण ती ताज्या म्हणतेय ना? दर धाग्यावर फ्रीझरच्या नावाने बोटं मोडू नका.

बीसीजीप्रेमी: तुम्ही चुकीच्या पेशी बघताय, मोनोसाइट (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) बघा. क्षयाच्या बीसीजी लसीनंतर त्या वेगळ्याच जंतूलाही जास्त जोरात उत्तर देतात. संशोधक नेतेआ आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये याला प्रशिक्षित प्रतिकारशक्ती म्हटलं. जनुकं तीच, त्यांच्यावरच्या खुणा बदलतात.

रागीट मॅक्रोफेज: रक्तातली मोनोसाइट जगते जेमतेम काही दिवस. प्रशिक्षण घेऊन ती करणार काय?

बीसीजीप्रेमी: शिकवणी अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींची होते. पुढच्या मोनोसाइट शिकूनच बाहेर पडतात. आधी वाचा, मग चिडा.

भाबडा वाचक: इथेच विचारतो. लस घेतल्यावर मला ताप आलाच नाही. म्हणजे लस फुकट गेली का?

गाळणीबाई: नाही हो काका. ताप हा जन्मजात प्रतिकारशक्तीच्या या पेशींच्या इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ वगैरे निरोपांचा परिणाम. निरोप थोडक्यात आटोपला तरी पुढे अँटिबॉडी तयार होऊ शकतात. रात्रपाळी, पेशी थेट रंगवल्यास की आधी काही घातलंस?

जुना खोडकर: अवांतर: मेचनिकॉफने १८८२मध्ये तारामाशाच्या अळीत काटा टोचला आणि त्याभोवती पेशी गोळा होताना पाहिल्या. १९०८चं नोबेल मिळालं. ना लेझर, ना बाटल्या. (हलके घ्या.)

रात्रपाळी: आयएल-१२ आणि आयएल-१८ (पेशी चेतवणारी इंटरल्युकिनं) घालून रात्रभर ठेवल्या होत्या. चेतलेल्या एनके सोडतात तो गॅमा इंटरफेरॉन मोजायचाय. सगळेच करतात म्हणून लिहिलं नाही.

गाळणीबाई: हात्तिच्या! अगं, हेच तर पहिल्या ओळीत हवं होतं. सीडी१६ म्हणजे एनके पेशीचा अँटिबॉडीची शेपटी धरायचा हात. पेशी चेतली की अ‍ॅडॅम१७ नावाचं एन्झाइम तो हात पृष्ठभागावरून कापून टाकतं, आणि आयएल-१२ व आयएल-१८ची जोडी हे हमखास घडवते. पेशी मेलेली नसते, हात गळलेला असतो. एनके ओळखताना सीडी३ निगेटिव्ह, सीडी५६ पॉझिटिव्ह (पृष्ठभागावरची आणखी दोन प्रथिनं) एवढंच धर, सीडी१६वर गेट लावू नकोस, म्हणजे त्यावरून पेशी निवडू नकोस. चेतल्यावर सीडी५६सुद्धा वाढतो, तेव्हा ब्राइट (सीडी५६ जास्त) आणि डिम (कमी) यांच्यातली रेघही जपून ओढ. एक नळी काही न घालता आणि एक अ‍ॅडॅम१७ रोखणारं औषध घालून लाव.

रात्रपाळी: काही न घातलेली नळी होती, वेळ वाचवायला मशीनवर घेतलीच नाही 🙈

रात्रपाळी (दुसऱ्या दिवशी): ताई, दुसऱ्या दात्याच्या ताज्या रक्तावर लावलं. काही न घातलेल्या नळीत सीडी१६ जागच्या जागी! औषधवाल्या नळीतही बराचसा टिकला. जीव भांड्यात पडला.

गाळणीबाई: छान. आता लसीआधीचा, शून्य दिवसाचा नमुना याच पद्धतीने मोजलास की लसीचा भाग किती ते कळेल. तो ताजाच मोजला होतास ना?

रात्रपाळी: नाही… तो गोठवून ठेवलाय.

रागीट मॅक्रोफेज: काय म्हणत होतो मी!